विमानात वीज येते कुठून? जेट इंजिनाला लटकलेल्या एका डब्याबद्दल

विमान अजून गेटवरच आहे. दरवाजे लागलेत, डोक्यावरच्या झरोक्यातून गार हवेचा झोत येतोय. अचानक तो झोत मंदावतो आणि बंद पडतो. केबिन एकदम शांत होते. मग पंखाखालून हळूहळू चढत जाणारा एक सूर ऐकू येतो, दिवे क्षणभर लुकलुकतात, आणि मिनिटा-दोन मिनिटांत हवा पुन्हा सुरू होते. तेवढ्या वेळात एखादा प्रवासी मान वर करून इकडेतिकडे बघून घेतो: बिघडलं की काय काही?

बिघडलेलं काहीच नसतं. हवा थांबली, कारण ती इंजिन सुरू करायला वळवली होती. दिवे लुकलुकले, कारण विजेचा पुरवठा एका जनरेटरवरून दुसऱ्या जनरेटरवर गेला. या दोन्ही घटनांच्या मध्ये एकच यंत्र उभं आहे, ते म्हणजे इंजिनाचा ॲक्सेसरी गिअरबॉक्स.

हे नाव जरा फसवं आहे. ॲक्सेसरी म्हटलं की मोबाइलचं कव्हर आठवतं; असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही. इथे अडतं. हा डबा बंद पडला तर बाकी सगळं ठणठणीत असलेलं इंजिनही काही क्षणांत बंद पडतं. का, ते समजायला थोडं इंजिनाच्या पोटात शिरावं लागेल.

## एकात एक दोन शाफ्ट

समोरचा मोठा पंखा हवा आत घेतो. त्यातली बरीचशी हवा इंजिनाच्या गाभ्याला वळसा घालून मागे फेकली जाते. विमानाला पुढे ढकलण्याचं मोठं काम तीच करते. उरलेली गाभ्यात शिरते, कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाते, इंधनाबरोबर जळते, आणि तापून फुगलेला वायू टर्बाइनची पाती फिरवत मागून बाहेर पडतो. टर्बाइन फिरतं, म्हणून त्याच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, बसलेले कॉम्प्रेसर आणि पंखा फिरतात. ते फिरतात, म्हणून नवी हवा येत राहते.

हे सगळं एकाच शाफ्टवर नसतं. बहुतेक प्रवासी विमानांच्या इंजिनात दोन शाफ्ट असतात, एका पोकळ नळीतून दुसरी नळी जावी तसे. आतला लांब शाफ्ट पुढच्या पंख्याला अगदी मागच्या टर्बाइनशी जोडतो. बाहेरचा आखूड शाफ्ट गाभ्यातल्या कॉम्प्रेसरला त्याच्या लगतच्या टर्बाइनशी जोडतो. पहिल्याला आपण पंख्याचा शाफ्ट म्हणू, दुसऱ्याला गाभ्याचा. दोघांना जोडणारा एकही दाता नसतो. दोघं आपापल्या वेगाने फिरतात. बोइंग ७३७-८०० वरच्या सीएफएम५६-७बी इंजिनात पंख्याचा शंभर टक्के वेग मिनिटाला ५,१७५ फेरे धरलेला आहे, गाभ्याचा १४,४६०. म्हणजे गाभा एका सेकंदात २४१ वेळा फिरतो.

इतकं फिरणं हाताशी असताना पंप आणि जनरेटर चालवायला वेगळी मोटर कशाला शोधायची? अडचण एवढीच, की हे फिरणं इंजिनाच्या अगदी मधोमध आहे आणि त्याच्या भोवती दाबलेली, तापलेली हवा आहे. पंप तिथे बसवता येत नाही. तेव्हा फिरणंच बाहेर आणावं लागतं.

## आतलं फिरणं बाहेर कसं येतं?

हाताने फिरवायचं जुनं ड्रिल पाहिलं असेल तर निम्मं कोडं तिथेच सुटतं. मूठ उभ्या चाकाला फिरवते आणि ड्रिलचं टोक त्याच्याशी काटकोनात फिरतं. ही करामत तिरक्या दात्यांच्या चाकांची, म्हणजे बेव्हल गिअरची.

इंजिनात हेच घडतं. गाभ्याच्या शाफ्टच्या पुढच्या टोकाला एक बेव्हल गिअर असतो. त्याच्याशी काटकोनात दुसरा गुंततो आणि तिथून एक सडपातळ शाफ्ट त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे चाकाच्या आरीसारखा, बाहेर निघतो. पंख्यामागे हवेच्या वाटेत जे आधाराचे खांब दिसतात, त्यातला एखादा पोकळ असतो. हा शाफ्ट त्यातून जातो, बाहेरून हवा वाहत राहते आणि आत हा गरगरत असतो. बाहेरच्या टोकाला ट्रान्सफर गिअरबॉक्स नावाची छोटी पेटी पुन्हा एकदा दिशा बदलते. मग एक आडवा शाफ्ट, आणि शेवटी आपला डबा.

डबा म्हणजे अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं ओतीव कवच. त्यात सरळ दात्यांच्या चाकांची एक रांग असते, एकमेकांत गुंतलेली. प्रत्येक चाकाला किती दाते ठेवायचे यावरून त्या-त्या यंत्राला किती वेग मिळणार ते ठरतं. कवचाच्या दोन्ही बाजूंना सपाट बैठका असतात आणि प्रत्येक बैठकीवर एकेक यंत्र बोल्टने कसलेलं असतं. पंख्याच्या कवचाच्या वळणाला धरून डब्यालाही बाक दिलेला असतो.

काही इंजिनांत हा डबा पंख्याच्या बाहेरच्या कवचावर असतो. तिथे गारवा असतो, हात पोचतो, पण इंजिनाचा घेर वाढतो. काहींत तो गाभ्याला चिकटून असतो. घेर कमी होतो, पण उष्णता सोसावी लागते.

याचा एक पुरावा विमानतळाच्या काचेतूनही दिसतो. बोइंग ७३७ च्या इंजिनाचं तोंड समोरून बघा, ते पूर्ण गोल नाही. खालून चपटं आहे, गालात काही कोंबल्यासारखं. ७३७ मुळात बुटकं विमान. १९८४ मध्ये उडालेल्या ७३७-३०० ला जास्त घेराचं सीएफएम५६ इंजिन द्यायचं ठरलं, तेव्हा ते जमिनीला फारच जवळ येत होतं. मग एरवी तळाशी असणारी यंत्रं बाजूला सरकवली आणि वेष्टणाचा तळ सपाट केला. ते फुगलेले गाल म्हणजे हाच संसार. मला विचाराल तर विमानाच्या बाहेरून इतका सहज दिसणारा गिअरबॉक्सचा दुसरा पुरावा नाही.

## पंख्याला सोडून गाभ्यालाच का धरायचं?

पंख्याचा शाफ्टही फिरतोच की. मग गाभ्याचाच हट्ट का?

पहिलं कारण सुरुवातीचं. इंजिन चालू करायचं तर आधी गाभ्यातला कॉम्प्रेसर फिरवून हवा दाबावी लागते. पुढे दिसेल की इंजिन सुरूही याच डब्यातून करतात. म्हणून डबा गाभ्याशीच जोडलेला हवा.

दुसरं कारण वेगाचं. इंजिन नुसतं घुरघुरत असतं, त्याला आयडल म्हणतात. तेव्हा पंखा त्याच्या कमाल वेगाच्या साधारण २० टक्क्यांवर असतो, गाभा मात्र ६० च्या आसपास. म्हणजे आयडलपासून पूर्ण जोरापर्यंत पंख्याचा वेग पाचपट बदलतो, गाभ्याचा दुपटीलाही पोचत नाही. पंप आणि जनरेटर यांना असा स्थिर मालक आवडतो.

याला एक लक्षात राहण्यासारखा अपवाद आहे. रोल्स-रॉइसच्या मोठ्या इंजिनांत तीन शाफ्ट असतात, आणि बोइंग ७८७ साठीच्या ट्रेंट १००० मध्ये ही शक्ती गाभ्याच्या शाफ्टऐवजी मधल्या शाफ्टवरून घेतात. कारण ७८७ ची विजेची भूक फार मोठी आहे. इंजिन आयडलला असताना एवढा भार सगळ्यात नाजूक कॉम्प्रेसरच्या शाफ्टवर टाकला, तर त्याला सांभाळायला आयडलच वाढवावं लागतं, आणि इंधन जातं.

## डब्यावर कोण कोण बसलंय?

सगळ्यांची हजेरी घेत नाही, पण तीन-चार मंडळी भेटण्यासारखी आहेत.

सगळ्यात मोठा मान इंधनपंपाचा. टाकीत विजेवर चालणारे पंप असतात, पण ते इंधन फक्त इंजिनाच्या दारात आणून सोडतात. ज्वलनकक्षात प्रचंड दाब असतो. त्या दाबाविरुद्ध इंधन आत रेटायचं काम डब्यावरचा हा पंप करतो. तो विजेवर का नाही? कारण मग वीज गेली की इंजिन गेलं, आणि वीज तर इंजिनच बनवतं. या गुंत्यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे मध्ये वीज आणायचीच नाही. गाभा फिरतोय तोवर दाते फिरतात, दाते फिरतात तोवर पंप फिरतो. टाकीतले विजेचे पंप बंद पडले तरी हा स्वतःच्या ताकदीवर इंधन ओढू शकतो, फक्त फार उंचावर ते नीट जमेलच असं नाही.

याची किंमतही मोजावी लागते. पंप गाभ्याला बांधलेला, त्यामुळे त्याचा वेग इंधनाच्या गरजेप्रमाणे बदलत नाही. सुरू करताना गाभा हळू फिरत असतो, तेव्हाही पुरेसं इंधन मिळावं म्हणून पंप ऐसपैस ठेवावा लागतो. पुढे उंचावर इंधन कमी लागतं, पण पंप तर जोरात फिरतोय. जादाचं इंधन मग परत पंपाच्या तोंडाशी आणून सोडतात. ते गोल गोल फिरत राहतं आणि उगाच तापतं. विमानाच्या अभियंत्यांना ही उधळपट्टी खुपते, पण भरवशापुढे ते ती सोसतात.

दुसरा एक छोटा आल्टरनेटर असतो. त्याची वीज केबिनला मिळत नाही. ती फक्त इंजिनाच्या स्वतःच्या संगणकासाठी असते, जो इंधन किती सोडायचं ते क्षणाक्षणाला ठरवतो. आत कायम चुंबक असल्यामुळे याला बाहेरून विजेची गरजही नसते, नुसतं फिरवलं की झालं. एअरबस ए३२० च्या सीएफएम५६ इंजिनात गाभा साधारण १५ टक्के वेगाच्या पुढे गेला की संगणक याच आल्टरनेटरवर जगतो. इंधनपंप आणि हा आल्टरनेटर एकत्र धरले की या सगळ्या मांडणीमागचा विचार दिसतो: विमानातली वीज पूर्ण गेली, तरी इंजिनाला त्याचा पत्ता लागता कामा नये.

तिसरा तेलाचा पंप, खरं तर एकाच पेटीतले अनेक पंप. एक तेल बेअरिंगांकडे पाठवतो आणि बाकीचे ते परत ओढून आणतात. परत आणणाऱ्यांची क्षमता पाठवणाऱ्यापेक्षा जास्त ठेवलेली असते. गेलं तेवढंच तेल येणार, मग हे कशाला? कारण येताना ते हवेत घुसळून फेसाळलेलं असतं, आणि फेस जागा जास्त खातो.

मग विमानाची सेवा करणारे दोघे: हायड्रॉलिक पंप आणि जनरेटर. हायड्रॉलिक पंप तेल ३,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ३,००० पौंड, इतक्या दाबाने नळ्यांत ढकलतो (७८७ आणि ए३८० वर ५,०००). चाकं आत घेणं, पंखांच्या झडपा हलवणं, ब्रेक, सगळं त्या दाबावर. जनरेटरचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं.

## वेग बदलतो, मग वीज सारखी कशी राहते?

सायकलचा डायनामो आठवा. पायडल जोरात मारलं की दिवा लखलखतो, चढ आला की पिवळा पडतो. विमान उड्डाण करताना गाभा जोरात फिरतो, उतरताना मंदावतो. मग केबिनमधले दिवे आणि पडदे तसे कमी-जास्त का होत नाहीत?

विमानातल्या विजेची लय ठरलेली असते: सेकंदाला ४०० आवर्तनं, ११५ व्होल्ट. घरच्या विजेत ती ५० किंवा ६० असतात. आवर्तनं वाढवली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटरी लहान आणि हलक्या करता येतात, आणि विमानात वजनाचा हिशेब सगळ्यात कडक. पण ४०० म्हणजे ४०० च हवीत, आणि त्यासाठी जनरेटर ठरलेल्या वेगानेच फिरायला हवा. ए३२० वर तो वेग मिनिटाला २४,००० फेरे आहे.

हे साधतं ते जनरेटरच्याच कवचात बसवलेल्या स्थिर-वेग यंत्रणेने. विमानतळावरचा सरकता पट्टा डोळ्यांपुढे आणा. भिंतीवरच्या खुणा तुम्हाला ठरावीक वेगानेच ओलांडायच्या आहेत, पण पट्ट्याचा वेग मात्र सतत बदलतोय. पट्टा मंदावला की तुम्ही त्यावर पुढे चालता, फार जोरात सरकू लागला की उलटी पावलं टाकता. भिंतीच्या हिशेबाने तुम्ही कायम एकाच वेगात. जनरेटरमधला हायड्रॉलिक पंप-मोटरचा जोड नेमकं हेच करतो: गिअरबॉक्समधून आलेल्या वेगात थोडा मिळवतो किंवा त्यातून थोडा वजा करतो.

ए३२० किंवा ७३७-८०० वरच्या अशा एका जनरेटरची क्षमता ९० केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर) असते. असे दोन, प्रत्येक इंजिनावर एक. एक गेला तरी दुसरा महत्त्वाचं सगळं ओढतो. फार तर स्वयंपाककक्षातल्या भट्ट्या बंद ठेवाव्या लागतात.

## उलटी गंगा: इंजिन सुरू होतं तेव्हा

आता त्या थांबलेल्या हवेकडे परत जाऊ.

कोंबडी आधी की अंडं आधी, हा प्रश्न इथे खराच पडतो. इंजिन पेटायला दाबलेली हवा हवी, हवा दाबायला कॉम्प्रेसर फिरायला हवा, आणि तो फिरवायला पेटलेलं इंजिन हवं. म्हणून पहिला धक्का बाहेरून द्यावा लागतो. विमानाच्या शेपटीत एक छोटं जेट इंजिन असतं, एपीयू. गेटवर असताना दिवे आणि गारवा दोन्ही तेच पुरवत असतं. सुरुवातीच्या वेळी त्याची दाबलेली हवा केबिनकडून काढून डब्यावरच्या स्टार्टरकडे वळवतात. स्टार्टर म्हणजे एक लहानसं टर्बाइन. ते फिरलं की डब्यातले दाते, आडवा शाफ्ट, खांबातला शाफ्ट आणि बेव्हल गिअर हा सगळा मार्ग उलट्या बाजूने चालतो, आणि गाभा जागा होतो. एरवी ज्या वाटेने शक्ती बाहेर येते, त्याच वाटेने आता आत जाते.

ठरावीक वेग आला की इंधन आणि ठिणगी. गाभा स्वतःच्या पायावर उभा राहिला, साधारण ५० ते ५६ टक्क्यांवर, की स्टार्टर बाजूला होतो. त्यात एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, त्यामुळे इंजिन पुढे निघून गेलं तरी स्टार्टरला ओढून नेत नाही. पायडल थांबवलं तरी सायकलचं चाक फिरत राहतं, तसंच. मग जनरेटर चालू होतो, विमान एपीयूची वीज सोडून इंजिनाची घेतं, आणि दिवा लुकलुकतो.

जाता जाता: दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट २६२ या जर्मन लढाऊ विमानाच्या जेट इंजिनात पहिला धक्का द्यायला नाकात चक्क एक छोटं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन बसवलेलं होतं, आणि गरज पडली तर ते दोरी ओढून सुरू करता यायचं.

## यात इंजिनाची ताकद वाया जात नाही का?

जाते, पण जोरात चालणाऱ्या इंजिनाला ती जाणवतही नाही. जनरेटर, हायड्रॉलिक आणि इंधनपंप मिळून हिशेब शेकडो अश्वशक्तीचा. पंखा फिरवायला लागते हजारोंनी. खरा चिमटा बसतो तो उतरताना. तेव्हा इंजिन जवळजवळ निवांत असतं, पण दिवे, संगणक, पंप यांची भूक तेवढीच राहते. त्यामुळे काही वेळा केवळ ही मंडळी पोसायला इंजिन हवं त्यापेक्षा थोडं जास्त फिरवत ठेवावं लागतं.

## एक यंत्र अडकलं तर बाकीच्यांना घेऊन बुडेल का?

रास्त शंका आहे. सगळे एकाच दात्यांच्या रांगेत बांधलेले. एखाद्या पंपाचं बेअरिंग जाम झालं तर रांगच थांबायला हवी.

म्हणून अनेक यंत्रांच्या शाफ्टवर एका जागी मुद्दाम गळा काढलेला असतो, बाकीच्या शाफ्टपेक्षा बारीक. यंत्र अडकलं की तो गळा पिळवटून तुटतो. यंत्र मेलं, डबा वाचला. घरातल्या फ्यूजचं हे लोखंडी रूप. सगळा शाफ्ट भक्कम करून मध्येच तो कमकुवत ठेवायचा, ही कल्पना मला यंत्रशास्त्रातल्या सगळ्यात शहाण्या कल्पनांपैकी एक वाटते.

जनरेटरला आणखी एक सोय असते. त्याचं तेल फार तापलं किंवा दाब पडला तर वैमानिक कॉकपिटमधलं झाकणाखालचं बटण दाबून त्याला डब्यापासून तोडतो. पण एकदा तोडला की हवेत तो पुन्हा जोडता येत नाही. विमान उतरावं लागतं, इंजिन थांबवावं लागतं, आणि मग कुणीतरी खाली जाऊन हाताने तो पूर्ववत करतो. म्हणून त्या बटणावर झाकण असतं.

तरी अशी वेळ येण्याआधीच आजार ओळखण्यावर सगळा भर असतो. टेक्निशियन इंजिनाचं वेष्टण उघडतो, तेलाच्या वाटेतला अंगठ्याएवढा एक प्लग फिरवून बाहेर काढतो आणि प्रकाशात धरतो. टोकाला चुंबक असतं. त्यावर करडी, केसासारखी बारीक लव दिसली तर ठीक. दाते एकमेकांवर घासले की तेवढी धूळ पडणारच. पण चमकणारी पापडी किंवा सुईसारखा तुकडा दिसला, तर कुठल्यातरी बेअरिंगचं किंवा दात्याचं कातडं सोलायला लागलंय. तो कण जपून ठेवतात आणि त्याची धातू तपासतात. कुठला धातू कुठल्या भागात वापरलाय ते माहीत असतं, त्यामुळे कणावरून रोगी सापडतो. इंजिनाच्या तळाशी निचऱ्याच्या बारीक नळ्याही असतात. कुठल्या नळीतून काय टपकतंय, यावरून कुठल्या बैठकीचं सील गेलं ते कळतं. मिनिटाला किती थेंब चालतील हेही पुस्तकात लिहिलेलं असतं.

## आणि गिअरबॉक्सच गेला तर?

२०१३ मध्ये बोइंग ७७७ च्या जीई९०-११५बी इंजिनांत असं घडलं. ट्रान्सफर गिअरबॉक्समधला एक गिअर तडकून तुटला आणि उडत्या विमानातलं इंजिन बंद झालं. असे दोन प्रसंग नोंदले गेले. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ठरावीक गिअरबॉक्स काढून टाकण्याचा तातडीचा आदेश काढला. यात पंखा शाबूत, कॉम्प्रेसर शाबूत, टर्बाइन शाबूत. फक्त एक दातेरी चाक तुटलं, इंधनपंप थांबला आणि आग विझली. दोन्ही विमानं दुसऱ्या इंजिनावर सुखरूप उतरली.

उलटंही होतं: डबा शाबूत, पण इंधनच नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ पौंड-किलोच्या गोंधळात अपुरं इंधन घेऊन निघालं आणि ४१,००० फुटांवर कोरडं पडलं. गाभे मंदावले, जनरेटर गेले, कॉकपिटमधले बहुतेक पडदे काळे झाले. अशा वेळी विमानाच्या पोटातून एक छोटी पवनचक्की वाऱ्यात उतरते, तिचं नाव रॅम एअर टर्बाइन, थोडक्यात रॅट. ती समोरून येणाऱ्या वाऱ्यावर फिरते आणि अगदी गरजेपुरता हायड्रॉलिक दाब किंवा वीज देते. तिच्या जोरावर विमान गिम्ली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले. मात्र विमान हळू झालं तसा वारा कमी पडला आणि नियंत्रणं जड होत गेली. २००१ च्या ऑगस्टमध्ये एअर ट्रान्सॅटचं ए३३० अटलांटिकवर इंधनगळतीने असंच कोरडं पडलं, आणि ३०६ जण अझोर्स बेटांवर सुखरूप पोचले.

रॅट हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर. चित्रफितीत रॅट बाहेर आलेली दिसली आणि बिघाड विजेचा की इंजिनाचा यावर वाद रंगले. प्राथमिक अहवालातला क्रम असा आहे: दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद, दोन्ही गाभ्यांचा वेग आयडलच्या खाली, आणि पहिल्या नोंदीनंतर सुमारे ५ सेकंदांत रॅटचा पंप दाब देऊ लागलेला. स्विच का हलले हा तपासाचा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही. पण इंधन थांबल्यावर वीज आणि हायड्रॉलिक लगोलग का जातात, ते आता कळायला अवघड नाही. जनरेटर आणि पंप ज्याच्यावर फिरतात, तो गाभाच मंदावतो.

## बातम्यांतल्या गिअरवाल्या इंजिनातला गिअरबॉक्स तो हाच का?

नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांना गिअर्ड टर्बोफॅन म्हणतात. तिथला गिअरबॉक्स पंख्यामागे असतो आणि पंखा त्याला फिरवणाऱ्या टर्बाइनपेक्षा साधारण तिप्पट हळू फिरावा, यासाठी असतो. त्यातून हजारो अश्वशक्ती जाते. आपला डबा त्या इंजिनातही वेगळा असतोच. आणि २०२३ मध्ये या इंजिनांमुळे जगभर विमानं जमिनीवर आली, त्याचं मूळ या दोन्हीपैकी कुठल्याच गिअरबॉक्समध्ये नव्हतं. टर्बाइनच्या चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून बनवल्या, तिच्यात भेसळ निघाली होती.

## मग हा डबा काढूनच का टाकत नाहीत?

७८७ ने निम्मी वाट चालली आहे. तिथे केबिनसाठी इंजिनातून दाबलेली हवा काढत नाहीत. ते काम विजेवर होतं. म्हणून प्रत्येक इंजिनावर २५० केव्हीएचे दोन जनरेटर, एपीयूवर २२५ चे आणखी दोन, असे एकूण १,४५० केव्हीए. स्थिर-वेगाची यंत्रणा काढून टाकली. वीज ३६० ते ८०० आवर्तनांत हवी तशी बदलू देतात आणि पुढे इलेक्ट्रॉनिक्स तिला वळण लावतं. हवेवरचा स्टार्टरही गेला. तेच जनरेटर सुरुवातीला मोटर होऊन इंजिन फिरवतात. पण डबा राहिला, उलट त्याच्यावरचा भार वाढला.

जनरेटर थेट गाभ्याच्या शाफ्टवरच बसवायचा, म्हणजे दाते, खांबातला शाफ्ट, डबा सगळंच जाईल, यावर बरीच वर्षं काम चालू आहे. कागदावर ते सुटसुटीत दिसतं. पण आज जनरेटर बिघडला की तो बाहेरच्या बाहेर सोडवून बदलता येतो. तो गाभ्याच्या उष्णतेत, इंजिनाच्या पोटात बसवला तर प्रत्येक बिघाडाला पोट फाडावं लागेल. शिवाय इंधनपंपासाठी विजेवर विसंबायचं की नाही, हा जुना प्रश्न आहेच.

तोवर या डब्याचा एक उपयोग कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही. त्याच्या एका बैठकीवर नुसतं झाकण असतं. इंजिनाच्या आतली पाती तपासायची असली की टेक्निशियन ते झाकण काढतो, आतल्या चौकोनी खाचेत पाना घालतो आणि फिरवू लागतो. कर्र, कर्र. उड्डाणात सेकंदाला दोनशेहून जास्त फेरे घेणारा गाभा पान्याच्या इशाऱ्यावर इंच इंच सरकतो, आणि नळीसारख्या बारीक कॅमेऱ्यासमोर एकेक पातं येतं. कॅमेऱ्याजवळचा माणूस म्हणतो, "थांब, जरा मागे घे," आणि पाना उलटा फिरतो.